उशिरा धरलेला गज

माझ्या व्हायोलिनच्या मास्तरांनी पहिल्या दिवशी सूरबीर काही ऐकून घेतले नाहीत. "वय किती गो बाय तुझं?" एवढंच विचारलं. सव्वीस म्हटल्यावर त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, करंगळी ताणून पाहिली, आत वाकवून पाहिली आणि मंडईत भेंडीचं टोक मोडून बघावं तसा चेहरा करून हात मला परत दिला. "जून झाली," म्हणाले.

तरी शिकवलं त्यांनी. पाच वर्षं, दर शनिवारी, धोबीतलावच्या मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या मजल्यावर. सतराव्या वर्षी गोव्याहून मुंबईला आलेला माणूस. सुरुवातीला गाववाल्यांच्या कुडात, म्हणजे एका गावच्या माणसांच्या सामायिक बिऱ्हाडात, पथारी टाकून राहिलेला, मग तीसेक वर्षं सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वाजवलेला. गाण्यात नायिका मान वळवून बघते तेव्हा मागं तीस-चाळीस व्हायोलिनं एकदम उसळी मारतात ना, त्यातलं एक मास्तरांचं. कायम सेकंड व्हायोलिन, कायम मागच्या रांगेत. पुढं की-बोर्ड आले आणि एका माणसाच्या दहा बोटांत ती सगळी रांग मावली. मास्तर त्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत. राळेची वडी गजावर घासत बसायचे, आणि ती पांढरी पूड त्यांच्या काळ्या पँटवर पडत राहायची.

शिकवणी संपली की कधीकधी ते एक कॅसेट लावायचे. याशा हायफेट्झ या नामांकित वादकानं वाजवलेला, फिनलंडच्या सिबेलियसचा व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एकट्या व्हायोलिनसाठी आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना. कॅसेट कुठल्या तरी रेकॉर्डवरून उतरवून घेतलेली, त्यामुळं आधी खरखर आणि मग संगीत. आणि गंमत म्हणजे ती कधी पूर्ण ऐकवली नाही त्यांनी. पहिलं मिनिटभर ऐकवायचे, खटकन बंद करायचे आणि विचारायचे, "बघितलंस, कुठून सुरू करतो तो?"

मला तेव्हा काही दिसलं नव्हतं. आता सांगू शकते. आधी वाद्यवृंदातली व्हायोलिनं अगदी हळू थरथरत असतात, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी पट्टीवर, म्यूट लावलेली. म्यूट म्हणजे छोट्या कंगव्यासारखा एक तुकडा. तो बसवला की तारेचा आवाज शाल पांघरून आल्यासारखा येतो. ऐकताना वाटतं, धुकं आहे, मागं काही तरी आहे, दिसत मात्र नाही. तीन मात्रागट तसेच जातात आणि चौथ्यात मुख्य वादक शिरतो. शिरतो म्हणजे डरकाळी फोडत नाही. डी मायनरचा कॉन्चेर्टो, म्हणजे आपल्या हिशेबानं डी हा सा. एकल व्हायोलिनचे पहिले तीन सूर आहेत म, प आणि मग सा. घर, म्हणजे सा, खाली मंद वाजत असतं आणि हा माणूस उभा राहतो मध्यमावर. तो सूर त्या धुक्याला किंचित खटकतो, तिथं थांबता येत नाही, आणि घरी येईपर्यंत ऐकणाऱ्याचा श्वास अडकलेला राहतो.

त्या 'जून झाली'चा राग माझ्या डोक्यात बरीच वर्षं होता. त्या रागापोटीच मी या सिबेलियसबद्दल वाचायला लागले, कारण मास्तरांनीच एकदा सहज सांगितलं होतं, "हा पण तुझ्यासारखाच. उशिरा धरलेला."

---

ज्याँ सिबेलियस जन्मला १८६५ साली, फिनलंडमधल्या हॅमेनलिन्ना नावाच्या छावणीच्या गावात. वडील डॉक्टर. मुलगा अडीच वर्षांचा असताना टायफसनं गेले, मागं कर्ज ठेवून. घरच्यांसाठी तो यान्ने. 'ज्याँ' हे फ्रेंच वळणाचं नाव त्यानं नंतर घेतलं ते दर्यावर्दी काकांच्या जुन्या व्हिजिटिंग कार्डांवरून. जगभरच्या मैफलींच्या पत्रिकांवर छापलं जाणारं नाव अशा उरलेल्या कार्डांवरून आलं, हे मला फार आवडतं. आपल्याकडेही थोरल्याच्या वह्या धाकटा वापरतोच की.

भावंडं तिघं. बहीण लिंडा पियानोवर, धाकटा क्रिस्टियान चेलोवर आणि हा व्हायोलिनवर, अशी घरचीच मैफल. पण व्हायोलिनची रीतसर तालीम सुरू झाली चौदा-पंधराव्या वर्षी, गावच्या लष्करी बँडचे बँडमास्तर गुस्टाव्ह लेवांदर यांच्याकडे. मास्तरांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले होते. गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फेज्यो, म्हणजे स्वरवाचन, घोटलेली पोरं सहाव्या-सातव्या वर्षी व्हायोलिन धरायची. "पंधरा? म्हणजे आमच्या गावात त्याला ऑर्गनचा भाता मारायला बसवला असता."

पण त्या पोराला व्हायोलिनचं वेडच लागलं. पुढची दहाएक वर्षं त्याला एकच व्हायचं होतं, मोठा वादक. संगीतकार वगैरे नंतर, जमलं तर. उन्हाळ्यात तळ्याकाठच्या खडकावर उभं राहून तो पाण्याला व्हायोलिन ऐकवायचा म्हणतात. १८८५ साली हेलसिंकीला गेला, विद्यापीठात कायदा शिकायला आणि संगीत संस्थेत व्हायोलिन शिकायला. कायदा लवकरच मागं पडला. त्याचं वाजवणं वाईट नव्हतं, चांगलंच होतं. पण चांगलं वाजवणं वेगळं आणि दोन हजार माणसांपुढं हात न कापता वाजवणं वेगळं. याचा हात गर्दीपुढं कापायचा.

व्हायोलिन हे वाद्य या बाबतीत जरा निर्दयच आहे. पियानोची पट्टी दाबली की सूर तयार असतो. गिटारला पडदे असतात. इथं काळ्या गुळगुळीत पट्टीवर एक खूणही नाही. बोट केसभर पुढं-मागं झालं की सूर गेला, आणि वर चढावं तसा तो केस बारीक होत जातो. मान एका बाजूला, डावा कोपर छातीखाली ओढलेला, मनगट उलटं. हे लहान हाडांना शिकवावं लागतं, हाडं पक्की झाली की ती ऐकत नाहीत. मास्तर माझ्या करंगळीवर पेन्सिलीनं टकटक करत म्हणायचे, "ही चौथी मुलगी. सगळ्यात धाकटी, सगळ्यात लाडकी, आणि घरात सगळ्यात जास्त काम हिलाच." माझी ती मुलगी तार दाबताना सरळ ताठ व्हायची. पाच वर्षांत वाकली नाही.

१८९१ च्या जानेवारीत, पंचविसाव्या वर्षी, सिबेलियस व्हिएन्नात होता. रचना शिकायला गेलेला, रॉबर्ट फुख्स आणि कार्ल गोल्डमार्क यांच्याकडे. तिथं त्यानं व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या व्हायोलिनच्या जागेसाठी परीक्षा दिली. परीक्षकांना वाजवणं अगदीच टाकाऊ वाटलं नाही, पण त्याची ती थरथर बघून त्यांनी घेतलं नाही. खोलीवर येऊन तो रडला. आणि रडून झाल्यावर पियानोपाशी बसून स्केल वाजवायला लागला.

ते पियानोवरचे स्केल माझ्या डोक्यातून जात नाहीत. पेटीला त्या दिवशी त्यानं हात लावला नसणार. व्हायोलिनवाले वाद्याच्या खोक्याला पेटीच म्हणतात. हात मात्र रिकामे ठेवता येईनात.

(जाता जाता : ज्या वाद्यवृंदानं या मुलाला घेतलं नाही, त्याच वाद्यवृंदासमोर पुढं जवळजवळ शंभर वर्षांनी, १९९० च्या नववर्ष मैफलीत, छडी घेऊन उभा होता आपल्या मुंबईचा झुबीन मेहता. त्याचे वडील मेहली मेहता हे व्हायोलिनवादक. मुंबईत राहून, रेकॉर्डी ऐकून-ऐकून घडलेले, आणि चाळिशीच्या तोंडावर न्यूयॉर्कला जाऊन आणखी शिकलेले. म्हणजे उशिरानं सगळ्यांचंच वाटोळं होतं असं नाही. मास्तरांना हे मी दोनदा ऐकवलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "ते पारशी होते.")

---

सव्वा वर्षातच सिबेलियस फिनलंडमध्ये नावाजला गेला, तो 'कुल्लेर्वो' या मोठ्या रचनेमुळं. तिथून पुढं दहा वर्षांत तो देशाचाच संगीतकार झाला. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली, आणि त्याची 'फिनलांडिया' ही रचना वाजली की सभागृहाला कळायचं काय चाललंय ते. दोन सिम्फनी झाल्या होत्या. सरकारी तनखा होता. आयनोशी लग्न झालं होतं, मुली होत्या. आणि दारू होती. हेलसिंकीच्या हॉटेलांतून मित्रमंडळींबरोबर दिवसच्या दिवस बसणं होतं, त्यातून झालेलं कर्ज होतं.

अशातच १९०२ मध्ये त्यानं आयनोला कळवलं की व्हायोलिन कॉन्चेर्टोची एक अप्रतिम सुरुवात सुचली आहे. तेच धुकं आणि तोच मध्यम असणार ते.

कॉन्चेर्टो म्हणजे एका बाजूला अख्खा वाद्यवृंद आणि दुसऱ्या बाजूला एकटा वादक. मध्ये एक जागा असते, कॅडेन्झा, तिथं वाद्यवृंद हात बांधून बसतो आणि वादक एकटा आपली सगळी विद्या काढून दाखवतो. आपल्याकडं निदान तबलजी ठेका धरून बसतो, तानपुरा झणकारत असतो. इथं तेवढाही आधार नाही. असल्या कॉन्चेर्टोंची मोठी परंपरा सिबेलियससमोर होती आणि त्यातले काही त्याच्या स्वतःच्या बोटांतून गेलेले होते. म्हणजे तो वाद्याला बाहेरून ओळखत नव्हता. कुठली जागा हाताला गोड वाटते, कुठं करंगळी रडते, हे त्याला कातडीनं माहीत होतं.

मग त्यानं काय केलं? स्वतःला न जमणारं सगळं लिहून काढलं. एकाच वेळी दोन तारांवर चढत जाणारे गंधारांचे, म्हणजे सा-ग अशा अंतराच्या जोड्यांचे, जिने. अष्टकांच्या जोड्या. तार नुसती शिवून काढायचे, शीळ घातल्यासारखे पोकळ सूर. सर्वांत जाड तारेवर वरपर्यंत चढून काढायचा तो घोगरा, बाईच्या खालच्या पट्टीसारखा आवाज. १९०३-०४ च्या हिवाळ्यात आयनोनं एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात घरातलं वातावरण दिसतं : यान्ने पेटलेला आहे, रात्र-रात्र जागा असतो, वाजवत बसतो, डोक्यात इतक्या चाली गर्दी करताहेत की त्यालाच चक्कर येते. मला त्या पत्रातली 'वाजवत बसतो' ही गोष्ट महत्त्वाची वाटते. हेलसिंकीतल्या थंडीत, पोरी झोपलेल्या, आणि अडतिशीतला हा माणूस मध्यरात्री ते सूर वाजवतोय. समोर परीक्षक नाहीत, त्यामुळं हात कापायचं कारण नाही.

---

आता विली बुर्मेस्टरचं प्रकरण. त्यात सिबेलियसची बाजू घ्यावी असं मला कितीही वाटलं तरी घेता येत नाही.

बुर्मेस्टर हा जर्मन, नाणावलेला वादक. पूर्वी हेलसिंकीच्या वाद्यवृंदात अग्रवादक होता, तेव्हापासूनची ओळख. कॉन्चेर्टो लिही म्हणून मागं लागलेला तोच. स्वरलिपी बघून तर तो हरखून गेला होता. त्यानं कळवलं की एखाद्या संगीतकाराला याआधी मी असं एकदाच म्हटलं होतं, चायकोव्हस्कीनं त्याचा कॉन्चेर्टो दाखवला तेव्हा. पहिला प्रयोग त्यानंच करायचा हे ठरल्यात जमा होतं. पण सिबेलियसला पैशाची निकड होती, त्याला मैफल लवकर हवी होती, आणि बुर्मेस्टरला त्या तारखेला येणं जमणार नव्हतं. थांबायचं की नाही? नाही थांबला. हेलसिंकीच्या संगीत संस्थेत शिकवणारे व्हिक्टर नोव्हाचेक यांना त्यानं उभं केलं. नोव्हाचेक सज्जन शिक्षक. पण जे लिहिलं होतं ते शिक्षकाच्या नव्हे, राक्षसाच्या बोटांसाठी होतं, आणि स्वरलिपी हातात पडली तीही अगदी आयत्या वेळी.

८ फेब्रुवारी १९०४. हेलसिंकी. संचालन खुद्द सिबेलियसचं. नोव्हाचेक लाल झाले, घामाघूम झाले आणि हरले. कार्ल फ्लोडिन या तिथल्या वजनदार समीक्षकानं लिहिलं की रचनाच कंटाळवाणी आहे.

मी या प्रसंगाकडं कुठून बघते ते सांगते. मला तिथं सिबेलियस दिसत नाही, नोव्हाचेक दिसतात. आठवडाभर रात्री जागून कुणाच्या तरी स्वप्नातले गंधार बसवू पाहणारा मास्तर. इतिहासानं त्यांना एका वाक्यात गुंडाळलं, 'वादक कमी पडला'. अहो, ते ज्यानं लिहिलं त्याला तरी कुठं जमत होतं!

बुर्मेस्टरनं मात्र मन मोठं केलं. मला डावललं गेलं असं न म्हणता त्यानं पुन्हा कळवलं की शरदात मी हेलसिंकीला येतो आणि असा वाजवतो की सगळं गाव तुझ्या पायाशी येईल. सिबेलियसनं तोपर्यंत कॉन्चेर्टो मागं घेतला होता, दुरुस्तीसाठी.

दुरुस्ती सवडीनं झाली. मधल्या काळात घर बदललं. १९०४ च्या सप्टेंबरात सिबेलियस कुटुंब हेलसिंकीची हॉटेलं मागं टाकून यार्वेनपाला, रानाच्या कडेला बांधलेल्या लाकडी घरात राहायला गेलं. बायकोच्या नावावरून घराचं नाव आयनोला. त्या घरात सिबेलियस असेपर्यंत नळ आले नाहीत, कारण पाइपांतल्या पाण्याचा आवाज त्याला नको होता. पाणी विहिरीवरून. भरत कोण असेल हा प्रश्न मला पडतो, आणि उत्तरही साधारण माहीत असल्यासारखं वाटतं.

१९०५ च्या सुरुवातीला बर्लिनमध्ये त्यानं ब्राम्सचा व्हायोलिन कॉन्चेर्टो ऐकला. त्यात वादक आणि वाद्यवृंद एकाच विणीत विणलेले आहेत, वादकाची सर्कस नाही. मग उन्हाळ्यात यानं आपली कात्री काढली. पहिल्या अंकात, म्हणजे कॉन्चेर्टोच्या तीन भागांतल्या पहिल्यात, दोन कॅडेन्झा होत्या. दुसरी पुरती उडवली. पहिली राहिली, पण कुठं? कॅडेन्झा सहसा अंकाच्या शेवटाकडं येते, लग्न लागल्यावर आतषबाजी असते तशी. इथं ती अंकाच्या मध्यावर आहे, आणि वाद्यवृंदानं जो विचार पुढं न्यायचा तो एकटा वादक पुढं नेतो. तिसऱ्या अंकातही बरंच छाटलं. जिथं वाजवणाऱ्याची फक्त फजिती होत होती आणि ऐकणाऱ्याला काही मिळत नव्हतं, ते गेलं.

मी कधी वाजवणार नाही हे मान्य केल्याशिवाय ही कात्री चालली नसती, असं मला वाटतं. पहिल्या आवृत्तीत तो स्वतःसाठी लिहीत होता. दुसरीत आणखी कुणीतरी वाजवायचं आहे.

कुणी वाजवायचं? १९ ऑक्टोबर १९०५ ला बर्लिनमध्ये नवा कॉन्चेर्टो वाजवला कारेल हालीरनं, संचालन रिखार्ड श्ट्राउसचं. बुर्मेस्टर पुन्हा बाजूला. प्रकाशकाला घाई होती, हालीर बर्लिनमध्येच होता, कारणं सगळी व्यवहाराची. पण दोनदा पान वाढून ताट उचलून घेतल्यावर माणूस तिसऱ्यांदा पंगतीला बसेल कशाला? बुर्मेस्टरनं तो कॉन्चेर्टो जन्मात वाजवला नाही.

हालीर हा योझेफ योआखिम या थोर व्हायोलिनवादकाच्या प्रसिद्ध क्वार्टेटमध्ये, म्हणजे चार वादकांच्या संचात, सेकंड व्हायोलिन वाजवायचा. हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी गज खाली ठेवला. "सेकंड?" त्यांनी पुन्हा विचारलं. "सेकंड," मी म्हटलं. त्या दिवशी त्यांनी मला कॅसेट अर्ध्या अंकापर्यंत ऐकवली. योआखिमला तो कॉन्चेर्टो मुळीच आवडला नव्हता हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही. कशाला.

---

आणि अर्पण? छापील स्वरलिपीवर नाव आलं फेरेंत्स व्हेचेई. हंगेरियन. तोही व्हायोलिनवादक, आणि वय वर्षं बारा.

बारा! बुर्मेस्टरला झोंबलं असेल तर नवल नाही. व्हेचेईनं तेराव्या वर्षी तो जाहीरपणे वाजवलाही. तो काही त्याला पेलला नाही. कसा पेलणार? पण तो वाजवत राहिला, आणि सुरुवातीच्या वर्षांत हा कॉन्चेर्टो गावोगाव नेणाऱ्या मोजक्या लोकांत तो होता. अमेरिकेत तो पहिल्यांदा ऐकवला मॉड पॉवेल या बाईनं, १९०६ मध्ये न्यूयॉर्कला. बायकांनी व्हायोलिन हनुवटीखाली धरणंच अनेकांना शोभत नव्हतं असा काळ तो. मोठमोठे बाप्ये तेव्हा हात राखून होते. १९३५ साली हायफेट्झनं टॉमस बीचमबरोबर लंडनला ध्वनिमुद्रण केलं, आणि तेव्हा कुठं जगाला कळलं की हे वाजवता येतं, आणि असं वाजवता येतं. तेच मास्तरांच्या कॅसेटवर होतं, खरखरीसकट.

शेवटच्या अंकाबद्दल दोन ओळी, कारण मास्तरांनी तो कधी ऐकवला नाही आणि मी तो नंतर एकटीनं हेडफोनवर, लोकलच्या गर्दीत ऐकला. खाली टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, आणि जाड तारांची वाद्यं एक जडशीळ ठेका धरतात आणि व्हायोलिन सर्वांत खालच्या तारेवर नाचायला लागतं. डोनाल्ड टोव्ही या इंग्रज समीक्षकानं त्याला ध्रुवीय अस्वलांचा पोलोनेझ, म्हणजे पोलिश नाच, म्हटलं होतं. अस्वलं दिसतात खरी, पण मला त्यात भीती जास्त ऐकू येते. त्या बाईनं किंवा पुरुषानं, जे कोण वाजवत असेल त्यानं, एक क्षण मागं वळून पाहिलं तर पडेल असं नाचणं. मरीन लाइन्सला उतरायचं होतं, चर्चगेटला उतरले.

१९१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, सिबेलियसनं रोजनिशीत एक स्वप्न नोंदवलं आहे. स्वप्नात तो बारा वर्षांचा होता, आणि नावाजलेला वादक होता. वर लहानपणीचं चांदण्यांनी भरलेलं आकाश होतं.

बारा. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. दहा वर्षांपूर्वी एका बारा वर्षांच्या पोराला आपला एकुलता एक कॉन्चेर्टो देऊन टाकताना या माणसाला काय दिसलं असेल ते आता निराळं सांगायला नको. त्या वर्षी त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाला देशभर सोहळा झाला, पाचवी सिम्फनी वाजली. त्यातलं काही स्वप्नात येत नाही. स्वप्नात येतं ते व्हिएन्नात हुकलेलं. त्यानंतर दोन वर्षांनी त्यानं व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठी सहा छोट्या 'ह्यूमोरेस्क' लिहिल्या. दुसरा कॉन्चेर्टो झाला नाही.

---

मी व्हायोलिन सोडलं एकतिसाव्या वर्षी. भांडण नाही, रडणं नाही. बदली झाली, मग पुढचं सगळं. पेटी माळ्यावर गेली. मास्तर मात्र राहिले. थकल्यावर ते वसईला लेकीकडे राहायला गेले, मी वर्षातून दोन-तीनदा जायची. त्यांची बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती, चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे. व्हायोलिन भिंतीवर, कापडात गुंडाळून.

कॉन्चेर्टोची पहिली आवृत्ती, नोव्हाचेकनी हरलेली, मागं घेतल्यावर सिबेलियसच्या हयातीत पुन्हा वाजली नाही. तो १९५७ मध्ये वारला, एक्क्याण्णव वर्षांचा होऊन. नंतरही घरच्यांनी ती कुणाला दिली नाही. १९९० च्या सुमारास मात्र लाहतीच्या वाद्यवृंदाला आणि ओस्मो व्हॅन्स्का या संचालकाला ती ध्वनिमुद्रित करायची परवानगी मिळाली, आणि वाजवली लिओनिदास काव्हाकोसनं. हेलसिंकीतली सिबेलियसच्या नावाची व्हायोलिन स्पर्धा त्यानं १९८५ मध्ये जिंकली होती. ते मुद्रण मी फोनवर घेऊन एकदा वसईला गेले.

मास्तरांच्या कानाला हेडफोन लावले. लेकीनं खिडकी लावून घेतली, बाहेर रिक्षांचा गलका होता. सुरुवातीला त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तेच धुकं, तोच मध्यम. मग काही वळणं अनोळखी यायला लागली तसे ते माझ्याकडं बघायला लागले, रस्त्यावर ओळखीच्या माणसाला मिशी दिसावी तसे. बऱ्याच वेळानं ती दुसरी कॅडेन्झा आली, काढून टाकलेली. बाखनं एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेल्या तुकड्यांची आठवण व्हावी अशी ती आहे, तार सोडून तारेवर उड्या घेत जाणारी. मास्तरांचा डावा हात चादरीवर होता. बोटं हलत होती. वाकडीच, पण जागच्या जागी, पहिलं, तिसरं, चौथं.

"हे कुठलं?" त्यांनी जरा मोठ्यानं विचारलं, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तसं.

"नाहीच आहे ते, मास्तर. काढून टाकलं त्यानं."

"कोणी सांगितलं काढायला?"

"कोणी नाही. त्याचं त्यानंच."

ते थोडा वेळ ऐकत राहिले. अंक संपला. मी हेडफोन काढायला गेले तर त्यांनी मान मागं घेतली.

"बरं केलं काढलं ते," म्हणाले. "लांबण लागली होती."

मग चादरीवरचा हात उलटा करून त्यांनी बोटांकडं पाहिलं, आणि फोनकडं हनुवटी केली.

"ते कापलेलं परत लाव गो."